सोसायटीच्या हॉलमध्ये बोर्ड गेम्सही रंगू द्या

महोदय,

घोडबंदर रोड काय किंवा खारघर काय, मोठ्या सोसायट्यांतले हॉल सभा, वाढदिवस आणि सणवार सोडले तर बहुधा कुलूपबंदच असतात. महिन्यातून एका शनिवारी संध्याकाळी ते बोर्ड गेम्ससाठी मोफत उघडावेत, अशी सोसायट्यांच्या समित्यांना कळकळीची विनंती.

अर्थात, हॉल मिळाला की बैठक जमलीच असे नाही. ती फसते ती बहुतेक वेळा अर्धवट ठाऊक असलेल्या नियमांमुळे. मोनोपॉलीचेच बघा. दंडाचे पैसे पटाच्या मधोमध साठवायचे आणि ‘फ्री पार्किंग’वर येईल त्याने उचलायचे, हे मूळ नियमांत नाहीच. उलट, एखाद्याने जागा विकत घेतली नाही तर तिचा तिथल्या तिथे लिलाव करायचा, हा नियम आहे आणि नेमका तोच गाळला जातो. मग जागा पडून राहतात, फुकटचा पैसा फिरत राहतो, कुणाचेच दिवाळे निघत नाही आणि डाव संपता संपत नाही.

तिघे-चौघे असतील तर १९९५ साली जर्मनीत आलेला ‘कॅटान’ घ्यावा. यात पटावर वस्त्या मांडायच्या; वस्तीशेजारचा आकडा फाशांवर पडला की विटा, लाकूड असा माल मिळतो. पहिल्या दोन वस्त्या मांडण्याआधी नवख्यांना आकड्यांखालचे ठिपके, म्हणजे तो आकडा पडण्याच्या शक्यता, समजावून सांगा. दोन फाशांच्या ३६ शक्यतांपैकी ६ पडण्याच्या पाच, ८ च्याही पाच; २ आणि १२ ची मात्र एकेकच. १२ च्या भरवशावर बसलेल्याला ना विटा मिळतात ना लाकूड, आणि तो पुढच्या वेळी फिरकत नाही.

आठ-दहा जण जमले तर ‘कोडनेम्स’, आणि तो खुशाल मराठीत खेळावा. पंचवीस चिठ्ठ्यांवर एकेक शब्द लिहून पाच बाय पाच मांडा. दोन्ही गटप्रमुखांपुरता एक नकाशा करा: सुरुवात करणाऱ्या गटाचे ९ शब्द, दुसऱ्याचे ८, कुणाचेच नसलेले ७ आणि हात लावताच डाव गमावणारा १. आपल्या गटाने आपले शब्द ओळखावेत म्हणून प्रमुखाने सुचवायचे ते फक्त एक शब्द आणि त्याच्याशी किती चिठ्ठ्या जुळतात तो आकडा. पान, माळ, कळ, पाट असे अनेक अर्थांचे शब्द भरपूर घाला. नुसत्या वस्तूंची नावे घेतली तर खेळ सपक होतो. यात आजी-आजोबा नातवंडांना सहज हरवतात.

टेबल पंख्याच्या थेट खाली नको, पत्ते उडतात. आपल्याकडच्या पावसाळ्यात पत्ते मऊ पडून चिकटतात, म्हणून त्यांना प्लॅस्टिकची पाकिटे घालावीत आणि खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात. चिवडा-वेफर्स दुसऱ्या टेबलावर. तेलकट बोटांचा डाग पाठीवर पडला की तो पत्ता उलटा असतानाही ओळखू येतो.

समितीने हॉलमध्ये कुलपाचे एक कपाटही द्यावे. खोकी दर वेळी घरून वाहून आणताना सोंगट्या हरवतात, आणि एक फासा कमी असला तरी अख्खा खेळ अडतो.

— एक वाचक, ठाणे (प.)