समासातल्या त्या दोन ओळींसाठी

काका, सा. न.

पुस्तक काल रात्री वाचून संपलं. फोनवर मला नीट बोलता आलं नसतं, म्हणून हे पत्र.

अमेरिकन स्तंभलेखक चार्ल्स क्राउथहॅमर हे नाव मी आधी दोनच तऱ्हेने ऐकलं होतं. अमेरिकेचं राजकारण ज्यांच्याकडे शिकले, त्या प्राध्यापकांनी "तो उजवा, त्यात वेळ घालवू नका" म्हणून विषय मिटवला. ज्यांचा तो लाडका, त्यांनी वादात त्याची सुटी वाक्यं माझ्या अंगावर फेकली, पण अख्खा लेख कधी हातात दिला नाही. दोघांचाही राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

तुम्ही स्वतःची प्रत दिलीत. 'थिंग्ज दॅट मॅटर', त्याच्या लेखांचा 2013 चा संग्रह. खूण घातली होतीत ती त्याचा थोरला भाऊ मार्सेल गेल्यावर त्याने 2006 साली लिहिलेल्या स्तंभावर. मोठ्या पोरांच्या खेळात धाकट्या चार्लीला घ्यायचंच, हा त्या भावाचा दंडक! त्या पानावर मी किती वेळ थांबले, सांगता येत नाही. मग बाकीचं वाचायची भीती उरली नाही. वैद्यकीचा विद्यार्थी असताना 1972 मध्ये पाण्यात सूर मारताना अपघात होऊन कायमचं अपंगत्व आलं, तरी हा माणूस मानसोपचारतज्ज्ञ झाला. 1980 साली तेव्हाचे उपराष्ट्राध्यक्ष, डेमोक्रॅट वॉल्टर माँडेल यांची भाषणं लिहिली आणि पुढे रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्या बाजूला वळला. मूलपेशींच्या संशोधनाला टाकून दिले जाणारे भ्रूण चालतील, पण त्यासाठी मुद्दाम भ्रूण घडवू नका, ही त्याची भूमिका. तिच्याशी मी तीन दिवस मनातल्या मनात भांडले. मला अजून ती पूर्ण पटलेली नाही, पण खोडताही आलेली नाही.

आणि मग 2004 चा तो दीर्घ लेख आला, अमेरिकेने जगात कुठे नि कशासाठी बळ वापरावं यावरचा. इराकचं युद्ध तेव्हा चालूच होतं, आणि त्याचा त्याला पाठिंबा होता. समासात तुमची पेन्सिल: "इथे तो चुकला. तेव्हा मीही हेच मानत होतो."

काका, माझे डोळे भरून आले. ज्या लेखकावर तुमचा इतका जीव, त्याची चूक तुम्ही माझ्यापासून लपवली नाहीत. स्वतःचीही नाही. माझी मतं तुमच्या उलट आहेत हे ठाऊक असूनही ते पान तसंच माझ्या हाती दिलंत. हवं तर तेच वाक्य मी तुमच्याविरुद्ध वापरू शकले असते. मला पटवायला निघालेली माणसं पुष्कळ भेटली. एवढा विश्वास कुणी टाकला नव्हता. असा सज्जनपणा दोन्ही बाजूंना असतो, फक्त तो आवाज चढवत नाही म्हणून दिसत नाही.

रविवारी पुस्तक घेऊन येते. तुमच्या त्या ओळींखाली मीही पेन्सिलीने चार शब्द लिहिलेत. तुमच्या समोर बसूनच ते वाचून दाखवायचे आहेत.

तुमची,
पुस्तक उसनं नेणारी