पौती, पावती आणि सात खेपा: महसूलमंत्र्यांना खुले पत्र

माननीय महसूलमंत्री, कर्नाटक राज्य, यांस
सविनय नमस्कार.

राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणे मांडण्याची मुभा घटनेच्या ३५० व्या कलमाने दिली आहे, म्हणून हे पत्र मराठीत लिहीत आहे. ते कलम आपल्या खात्याच्या खिडकीपर्यंत अजून पोहोचलेले नाही, हा भाग वेगळा.

माझे वडील फेब्रुवारीत वारले. बेळगावजवळच्या आमच्या गावी त्यांच्या नावावर सव्वा एकर, म्हणजे पन्नास गुंठे भातशेती आहे. वारसांची नावे लावण्यासाठी कचेरीत गेलो, तेव्हा ‘पौती’चे कागद आणा, असे सांगण्यात आले. मला ‘पावती’ ऐकू आले. घरपट्टीची, शेतसाऱ्याची, सोसायटीची, घरात होती नव्हती ती प्रत्येक पावती घेऊन मी तीन वेळा गेलो आणि तिन्ही वेळा नकारार्थी हललेली मान पाहून परतलो. चौथ्या खेपेला बाहेर बसणाऱ्या अर्ज लिहिणाऱ्याने शंभर रुपये घेऊन उलगडा केला: मृत खातेदाराच्या जागी वारसांचे खाते करणे म्हणजे पौती. तो तर आमच्या आजोबांच्या तोंडचा ‘फौत’! स्वतःचा बाप फौत झाला, हे कळण्यासाठी मला शंभर रुपये मोजावे लागले.

धंद्याच्या भाषेला माझा विरोध नाही. मी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत तीस वर्षे ओतकाम केले. तिथे ‘रायझर’ एवढे म्हटले की निवताना आकसणाऱ्या धातूला रस पुरवणारी जागा कोणती, हे साच्यावरच्या प्रत्येकाला कळते. त्या एका शब्दाने दहा वाक्ये वाचतात. परंतु रायझर ठाऊक नाही म्हणून आम्ही कोणत्याही गिऱ्हाइकाला माल नाकारला नाही.

आपल्या खात्याचे नेमके उलटे आहे. ‘भूमी’ प्रकल्पात सुमारे दोन कोटी उतारे संगणकावर चढवल्याचा गौरव आम्ही ऐकतो. त्यांतील किती उतारे खातेदारांना समजतात, हे कोणी मोजले आहे काय? माझ्या अंदाजाने आमच्या गावात दहांतले आठ जण तो घडी घालून खिशात ठेवतात, एवढेच. ‘पहाणी’ (म्हणजे जमिनीचा उतारा), ‘फोडी’ (म्हणजे जमिनीचे हिस्से पाडणे) हे शब्द पाहणे आणि फोडणे या मराठी क्रियापदांचे सख्खे नातलग, पण सरकारी लिपीत शिरले की आम्हालाच ओळख देत नाहीत. भावांत वाटणी करायची म्हटल्यावर सातव्या खेपेला ‘११ ई’ मागितले गेले. तो हिश्शाचा नकाशा असतो, हे सांगायला एक मिनिट पुरले असते.

गेल्या वर्षी तक्रार निवारण सभेत एका वरिष्ठ अधिकाऱ्यांनी, नेहमीच्या शब्दांचे अर्थ मराठीत लिहिलेला फलक दोन महिन्यांत लावू, असे सर्वांसमक्ष सांगितले होते. फलक लागला. त्यावर ‘मध्यस्थांपासून सावध राहा’ असे कन्नडमध्ये लिहिले आहे.

एखाद्या भागाच्या लोकसंख्येत पंधरा टक्के किंवा अधिक असलेल्या भाषिक अल्पसंख्याकांना महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेत मिळाव्यात, हे धोरण १९५६ पासूनचे आहे. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला आम्हाला न विचारता इकडे आणले गेले. सीमेचा निवाडा न्यायालय करील तेव्हा करील, पण बेंगळुरू असो की मुंबई, कोणत्याही सरकारला आपले शब्द रयतेला कळलेले परवडत नाहीत, असे आता वाटू लागले आहे. शब्द कळला तर चहापाण्याची वाट बंद होईल ना!

निदान अर्जाच्या पाठीमागे दहा शब्दांचे अर्थ मराठीत छापावेत. सोमवारी माझी आठवी खेप आहे.

आपला,
वडिलांच्याच नावावर असलेल्या पन्नास गुंठ्यांचा एक वारस