तुळई बोळात वळेना म्हणून ओट्याचं ग्रिल कापलं

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी तुमच्या पेपरात जुन्या सोलापुरातल्या वाड्यांच्या पडझडीवर फोटोसकट अख्खं पान आलं होतं. फोटो झकास होते, पण खाली जे लिहिलं होतं की मालकांना आपल्या वारशाची किंमत नाही वगैरे, ते वाचून चहा कडू झाला, कारण मी असाच एक मालक आहे आणि गेली दोन वर्षं हेच निस्तरतोय. म्हणून हे पत्र. लांबलंय, कापायचं तर कापा, पण चुन्याचं तेवढं ठेवा.

आमचं घर उत्तर कसब्यात, बाळीवेशीजवळच्या एका बोळात. वाडा म्हणावं एवढं मोठं नाही. ढेळज, एक चौक, तीन बाजूंनी सोपा, मागं न्हाणी आणि आड, वर माळवद, म्हणजे लाकडी तुळयांवरचं मातीचं सपाट छत. पणजोबांनी बांधलं. त्यांचं काही नाव इतिहासात नाही. मे १९३० मध्ये अख्खं सोलापूर पेटलं, इंग्रजांनी मार्शल लॉ लावला, पुढं १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना येरवड्यात फाशी दिलं, आणि आमचे पणजोबा त्या मे महिन्यात दाराला अडसर लावून आत बसले होते, असं आजी हसत हसत सांगायची. तेव्हा या घराचं काही स्मारक होणार नाही. भैय्या चौकात डॉ. कोटणीसांचं घर नीट करून स्मारक केलं, चांगलंच झालं. वारदांचं इंद्रभुवन आहे, त्यात महापालिका बसली म्हणून त्याच्याकडं लक्ष तरी गेलं. पण ज्या घरात कुणी मोठं जन्मलं नाही आणि ज्यात कुठलं ऑफिस बसत नाही ते घर कुणी सांभाळायचं? मालकानं, बरोबर आहे. पण मालकाला त्यातलं कळतंय कुठं!

मला तर काहीच कळत नव्हतं. बावीस वर्षं पुण्यात नोकरी केली, दिवाळीला आणि गड्ड्याला (संक्रांतीची सिद्धेश्वराची यात्रा) यायचो, वडील गेल्यावर तेही कमी झालं. घराची वाट खरं तर आम्हीच लावली, आणि ती पण काळजीपोटी. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा आम्ही सगळे बोळात येऊन उभे होतो ते मला चांगलं आठवतंय. तिकडं दगडमातीच्या भिंती आणि वर मातीचा जाड थर, अशा घरांखाली हजारो माणसं गेली, त्यानंतर माळवद म्हणलं की लोकांच्या पोटात गोळा यायचा. वडिलांनी पुढच्याच उन्हाळ्यात माळवदावर सिमेंटचा कोबा करून घेतला, पक्कं झालं म्हणून. आता समजतं की करायचं होतं उलटं. वरची माती कमी करून वजन उतरवायचं होतं आणि भिंतीचे आतबाहेरचे दोन थर एकमेकांना बांधतील असे लांब दगड आरपार घालायचे होते. आम्ही वजन वाढवून ठेवलं. वर त्या कोब्याला उन्हानं तडे गेले (सोलापूरचं ऊन, सांगायला नको), तड्यातून पाणी मातीत गेलं आणि सिमेंटमुळं ते परत वाळायलाच तयार नाही. तीस वर्षं माती आतल्या आत ओली. तुळया मधनं बघाल तर ठणठणीत, पण भिंतीत गेलेली टोकं कुजून भुसा झालेली. बोट घातलं की आत जायचं.

दुसरी चूक माझी. आमच्या घराला रस्त्याच्या बाजूनं ओटा आहे, दगडी, चांगला बारा फूट. त्यावर दुपारी पत्त्यांचा डाव पडायचा, कुणी पान खाऊन कोपऱ्यात थुंकायचं, वडिलांचं वय झालं होतं, मी पुण्यातनं फोनवर सांगितलं ग्रिल मारून घ्या. मारलं. ओटा स्वच्छ झाला. त्यानंतर त्यावर फक्त धूळ बसली.

दोन वर्षांपूर्वी परत आलो आणि एका कॉन्ट्रॅक्टरला घर दाखवलं. तो पाच मिनिटात म्हणला, पाडा, स्लॅब टाका, खाली दोन गाळे काढा. नाही म्हणलं तर मग वॉटरप्रूफिंग आणि भिंतींना सिमेंटचा गिलावा, एवढंच त्याला येत होतं. सोप्याची एक भिंत केली पण तशी. पहिल्याच पावसाळ्यानंतर जिथं गिलावा संपतो तिथून वर हातभर लोणा, म्हणजे ओलीबरोबर येणारा खार, नखानं खरवडलं की पापुद्रे पडायचे. जमिनीतली ओल सिमेंटमधून बाहेर पडू शकत नाही म्हणून ती वर चढते, हे कळायला माझे चाळीस हजार गेले.

मग ठरवलं, तुळया आधी. कुजलेलं टोक कापून तिथं जुन्या सागाचा तुकडा सांध्यानं जोडायचा, आणि दोन तुळया तर पूर्णच बदलायच्या होत्या. जुना साग कुठं मिळतो तर पाडलेल्या वाड्यांचा. म्हणजे कुणाचं तरी घर पडलं म्हणून माझं उभं राहणार, हे काही मनाला बरं वाटत नाही पण आहे ते असं आहे. आलेल्या एका तुळईला झोपाळ्याची लोखंडी कडी तशीच होती. सुतार म्हणला काढून टाकू का, म्हणलं राहू दे. तर ती चौदा फुटी तुळई बोळात वळेना. चार माणसं, शिव्या, घाम, समोरच्यांच्या नळाचा पाइप मोडला. शेवटी वेल्डर बोलावून ओट्याचं ग्रिल कापलं तेव्हा कुठं तुळई आत गेली. ग्रिल काढण्यात माझा काहीही उदात्त विचार नव्हता हे आधीच सांगतो. काम झालं की परत बसवायचं म्हणून भिंतीला टेकवून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर ओट्यावर चार जण बसलेले.

आणि मग सुरू झालं. जो येईल तो सल्ला देणार, निम्मे सल्ले एकदम भंगार. पण उरलेल्या निम्म्यांसाठी मी कुठल्याही इंजिनियरला पैसे द्यायला तयार होतो. शेजारच्या अज्जी, वय पंच्याऐंशीच्या पुढं, कानडीच बोलतात, मराठी फक्त रागावल्यावर. त्या काठी टेकत चौकात आल्या, वर बघितलं आणि ईशान्येच्या कोपऱ्याकडं हात करून म्हणल्या, "नीर इल्लिंद होगतित्तु." पाणी इथनं जायचं. आम्ही तिथं खणलं तर कोब्याखाली दगडी पन्हाळी, अखंड, बोळा घालून बुजवलेली! माळवदाचा सगळा उतार त्या कोपऱ्याकडं होता आणि कोबा करणाऱ्यानं उतार उलटा काढला होता. घरातल्या एकाही माणसाला हे माहीत नव्हतं, अज्जींना माहीत होतं कारण त्या पन्हाळीचं पाणी त्यांच्या अंगणात पडायचं आणि त्यावरून त्यांच्या सासूचं आणि माझ्या पणजीचं दर पावसाळ्यात भांडण व्हायचं.

चुन्याचं पण तसंच. चुन्यात काम करणारा गवंडी शोधून मी दमलो होतो, फोनवर सगळे म्हणायचे चुना म्हणजे व्हाइटवॉश का. ओट्यावर बसणाऱ्यातले एक जण जुन्या मिलचे दिवस बघितलेल्या घरातले, ते म्हणले अरे विजापूर वेशीकडं एक चाचा हायत, हात चालत नाही आता पण डोळे चालतात. चाचांना रिक्षानं आणलं. त्यांनी खुर्ची मागितली, चौकात बसले, आणि तीन पोरांकडनं दीड महिना काम करून घेतलं. चुना कळीचा आणायचा, हौदात विरवायचा, महिनाभर पाण्याखाली ठेवायचा, वरचं पाणी आटू द्यायचं नाही. मग वाळू आणि सुरखी, म्हणजे विटांची भुकटी, घालून मळायचा, त्यात गूळ आणि हिरडा भिजवलेलं पाणी. चुना मळायची दगडी चाकाची घाणी नव्हती म्हणून मिक्सरमध्ये फिरवला, त्यावर चाचांनी तोंड वाकडं केलं ते शेवटपर्यंत. माल झाला का नाही ते बघायला थापीवर घ्यायचा आणि थापी उलटी धरायची. पडला तर अजून मळा. पहिल्या दिवशी सात वेळा पडला. आठव्यांदा चिकटून राहिला तेव्हा चाचा काही बोलले नाहीत, चहा मागितला फक्त.

सिमेंटचा गिलावा काढून ती भिंत चुन्यात केली, एक पावसाळा झाला, अजून तरी लोणा नाही. एका पावसावरनं काही सिद्ध होत नाही हे मला माहीत आहे. खर्च पण सांगतो, चुन्याला मजुरी जास्त आणि वेळ तिप्पट, स्वस्तात होतं असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

आडातला गाळ काढला, त्यात काय काय निघालं ते लिहीत नाही. पण पाणी आहे. आपल्याकडं नळाला रोज पाणी येत नाही हे काय पेपरवाल्यांना सांगायचं, दिवस मोजत बसायचे. आता बोळातल्या सहा घरांचं वापरायचं पाणी तिथनं जातं, आणि त्यासाठी ढेळजेचं दार दिवसभर उघडं असतं. बायकोला सुरुवातीला हे अजिबात पटलं नव्हतं. प्रायव्हसी काही राहत नाही हे खरंच आहे, दुपारी झोपलो तर कळशीचा आवाज. पण मध्ये एकदा रात्री वरच्या खोलीच्या छतातनं माती गळायला लागली तर ते आम्हाला कळायच्या आधी पाण्याला आलेल्या पलीकडच्या अत्तांनी (तेलुगूत आत्याला अत्ता) सांगितलं, त्या पूर्व भागातल्या तेलुगू वस्तीतनं लग्न होऊन इकडं आलेल्या, विडी वळत वळत सगळ्या गल्लीवर लक्ष असतं त्यांचं. टेकू लावला म्हणून वाचलं.

ओट्यावर अजून कधीकधी कुणी थुंकतं. ते काही सुटलेलं नाही. पण गड्ड्याला हिरेहब्बू वाड्यातनं काठ्या, म्हणजे सिद्धेश्वराचे नंदीध्वज, निघतात त्या आमच्या बोळाच्या तोंडावरून जातात, लहानपणी आमचा ओटा म्हणजे गल्लीतल्या म्हाताऱ्यांची हक्काची जागा असायची, बाराबंदी घातलेली माणसं आणि सातही नंदीध्वज ते तिथं बसून बघायचे, "हर्र" म्हणायला उठायचे तेवढेच. यंदा संक्रांतीला परत तेवढेच बसले. अज्जींना खुर्ची दिली तर नको म्हणल्या, दगडावरच बसल्या. ग्रिल भंगारवाल्याला दिलं.

तर माझं म्हणणं एवढंच आहे की पुढच्या वेळी पडक्या वाड्यांवर पान काढाल तेव्हा मालकाला झोडपा, आमची हरकत नाही, पण शेजारच्या दोन म्हाताऱ्या माणसांशी पण बोला आणि ते काय सांगतात ते छापा, पन्हाळी कुठं होती, चुना कोण मळायचं, आड कधी बुजवला. नकाशा कुणाकडंच नाही, तो यांच्याच डोक्यात आहे, आणि आमचे चाचा गेल्या महिन्यापासून अंथरुणावर आहेत. आठवड्याला एक चौकट काढलीत आणि त्यात शहरातल्या चुना, साग, वडारी काम येणाऱ्यांची माहिती त्यांना विचारून दिलीत तर माझ्यासारख्यांचे चाळीस हजार तरी वाचतील.

वरच्या खोलीचा कोबा अजून काढायचा राहिलाय, तो या उन्हाळ्यात. कुणाच्या परसात चुन्याच्या घाणीचं दगडी चाक पडून असेल तर पेपरकडं कळवावं, आम्ही येऊन बघू आणि उचलून नेऊ. चाचांना मिक्सर आवडत नाही.

आपला,
एक घरमालक, उत्तर कसबा, सोलापूर