पोलिसांच्या प्रत्येक उड्डाणाची नोंद जाहीर व्हावी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गिरगाव चौपाटीवरील विसर्जन असो, ३१ डिसेंबरची रात्र असो वा एखाद्या मोठ्या नेत्याची सभा, मुंबई पोलिसांच्या बंदोबस्ताच्या बातमीत ड्रोनचा उल्लेख आता ठरलेलाच असतो. त्याबद्दल माझी तक्रार नाही. लाखोंची गर्दी नेमकी कुठे दाटत चालली आहे हे जमिनीवर उभ्या असलेल्या शिपायाला दिसू शकत नाही, आणि ते वरून वेळीच दिसले तर माणसे चेंगरण्याआधी वाट मोकळी करता येते. माझे म्हणणे एवढेच आहे की पोलिसांचे यंत्र आकाशात कशासाठी गेले, किती वेळ राहिले, त्याने काय टिपले आणि ते चित्रण पुढे किती दिवस जपून ठेवले, याचा हिशेब नागरिकांना मागता आला पाहिजे, आणि ही शिस्त ड्रोन सर्वांच्या अंगवळणी पडण्याआधीच लागली पाहिजे. ती लागायला उशीर झाला की काय होते, हे अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहराच्या उदाहरणावरून समजून घेता येईल.

लॉस एंजेलिस पोलिसांनी १९५६ मध्ये महामार्गांवरील वाहतुकीवर नजर ठेवण्यासाठी एक हेलिकॉप्टर घेतले. आज त्यांच्या ताफ्यात १७ हेलिकॉप्टर असून एखाद्या शहराच्या पोलीस दलाकडील जगातले सर्वात मोठे हवाई पथक म्हणून त्याचा उल्लेख होतो. शहराच्या मध्यभागी एका प्रचंड इमारतीच्या छतावरच या पथकाचा तळ आहे. हेलिकॉप्टरमध्ये वैमानिकाच्या शेजारी दुसरा अधिकारी बसतो. उष्णता टिपणारा कॅमेरा आणि प्रखर झोताचा दिवा त्याच्या हाताशी असतो आणि खालच्या गाड्यांना दिशा देण्याचे काम तोच करतो. वरून ओळखू याव्यात म्हणून गस्तीच्या गाड्यांच्या टपावर मोठ्या आकड्यांत क्रमांक रंगवलेले असतात. चोर गाडीतून पळत असेल तर हेलिकॉप्टर त्याला नजरेत धरून ठेवते आणि खालच्या गाड्यांना मागे राहता येते, त्यामुळे भरवस्तीतून होणाऱ्या जीवघेण्या पाठलागाची गरज कमी होते. या उपयोगाचे मोल मी कमी मानत नाही, आणि कोणी मानूही नये.

परंतु सुमारे सात दशके चाललेल्या या कामाचे शहराच्या लेखानियंत्रकांनी पहिले लेखापरीक्षण प्रसिद्ध केले ते थेट डिसेंबर २०२३ मध्ये. केनेथ मेहिया हे तेथील लेखानियंत्रक लोकांनी मतदानाने निवडून दिलेले आहेत, म्हणजे ते पोलीसप्रमुखांच्या हाताखाली येत नाहीत, ही गोष्ट येथे महत्त्वाची आहे. त्यांच्या अहवालानुसार या पथकावर वर्षाला सरासरी ४ कोटी ६६ लाख डॉलर खर्च होतात, हेलिकॉप्टर वर्षाकाठी सुमारे १६,००० तास उडतात आणि उड्डाणाच्या एका तासाला २,९१६ डॉलर पडतात. त्याहून बोलका आकडा पुढे आहे. उड्डाणाच्या एकूण वेळेपैकी ६१ टक्के वेळ गंभीर गुन्ह्यांशी संबंध नसलेल्या कामांत गेला होता; त्यात सर्वसाधारण गस्त होती, अधिकाऱ्यांची ने-आण होती आणि एका गोल्फ स्पर्धेवरून केलेले मानवंदनेचे उड्डाणही होते. हेलिकॉप्टरच्या गस्तीमुळे गुन्हे घटतात हे पटवून देणारा पुरावा आढळला नाही, असेही अहवालात स्पष्ट म्हटले आहे. दक्षिण लॉस एंजेलिसच्या वस्त्यांमधून रात्री-अपरात्रीच्या घरघरीविषयी रहिवासी वर्षानुवर्षे तक्रार करत आले आहेत. अंदाधुंद पैसा जातो आहे असे त्यांना वाटत असेलही, पण आकडेच उपलब्ध नसताना ते सिद्ध करणार कसे? नोंदी तपासल्यावर हा वाद पहिल्यांदा अंदाजावरून हिशेबावर आला.

खर्चाचा प्रश्न मोठा खरा, पण त्याहून मोठा प्रश्न नजरेचा आहे. अमेरिकेतल्याच बाल्टिमोर शहराच्या पोलिसांनी २०१६ मध्ये एका खासगी कंपनीचे लहान विमान शहरावर फिरवले आणि नागरिकांना त्याचा पत्ताही नव्हता. ही गोष्ट उघड झाली ती पत्रकारांनी घेतलेल्या शोधामुळे. पुढे २०२० मध्ये तोच प्रयोग जाहीरपणे झाला. दिवसाउजेडी विमाने घिरट्या घालत, दर सेकंदाला एक छायाचित्र घेत आणि बहुतेक सगळे शहर त्यात येई. त्या छायाचित्रांत माणूस ठिपक्याएवढाच दिसे, चेहरा कळत नसे, म्हणून खासगीपणाला धोका नाही असा दावा केला गेला. मात्र हा ठिपका रात्रीनंतर कोणत्या घरातून बाहेर पडतो, कुठे जातो आणि जमिनीवरच्या कोणत्या कॅमेऱ्यासमोरून जातो हे जोडले की ठिपक्याला नाव मिळायला वेळ लागत नाही. नेमक्या याच कारणाने जून २०२१ मध्ये तेथील संघराज्यीय अपील न्यायालयाने हा कार्यक्रम घटनाबाह्य ठरवला. निकाल आठ विरुद्ध सात मतांनी लागला, यावरून प्रश्न किती अटीतटीचा आहे हे कळावे.

ड्रोनच्या बाबतीत याच देशात चांगली उदाहरणेही आहेत. सिएटल पोलिसांनी घेतलेले दोन ड्रोन नागरिकांच्या विरोधामुळे २०१३ मध्ये बाजूला ठेवावे लागले. पुढल्या वर्षी ते लॉस एंजेलिस पोलिसांना देण्यात आले, पण तेथेही विरोध झाल्याने ते कधी वापरलेच गेले नाहीत. त्यानंतर लॉस एंजेलिसमध्ये नागरी सदस्यांच्या पोलीस आयोगापुढे खुली चर्चा होऊन २०१७ मध्ये वर्षभराच्या चाचणीला परवानगी मिळाली आणि कायम मंजुरी मिळाली ती २०१९ मध्ये. मेक्सिकोच्या सीमेजवळचे चुला व्हिस्टा हे शहर तर आणखी पुढे गेले आहे. आपत्कालीन फोन येताच तेथे ड्रोन आधी पोहोचतो, आणि तो कुठे व कोणत्या कारणासाठी गेला याची नोंद पोलीस स्वतःच संकेतस्थळावर ठेवतात. ड्रोनचे सगळेच चित्रण तपासाचा भाग म्हणून सरसकट दडवता येणार नाही, असा निकालही याच शहराच्या खटल्यात कॅलिफोर्नियाच्या अपील न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये दिला.

आता आपल्याकडे पाहू. मुंबई पोलीस वेळोवेळी मनाई आदेश काढून ड्रोन, पॅराग्लायडर, गरम हवेचे फुगे वगैरे उडवण्यास बंदी करतात, आणि त्याच आदेशात पोलिसांच्या स्वतःच्या हवाई टेहळणीला सूट असते. शहराच्या सुरक्षिततेसाठी ही सूट मला मान्य आहे. पण ज्याला सूट आहे त्याच्यावर नोंदीची जबाबदारी अधिक असायला हवी. ड्रोन नियम, २०२१ मधून केवळ सैन्यदले वगळलेली आहेत, म्हणजे ते पोलिसांनाही लागू आहेत. परंतु त्यांचा भर नोंदणी, परवाना आणि उड्डाणाच्या क्षेत्रांवर आहे, टिपलेल्या चित्रणाचे काय करायचे यावर नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्याने गुन्हे रोखणे व त्यांचा तपास यासाठीच्या वापराला बहुतेक तरतुदींतून मोकळीक दिली आहे. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने सांगितले, पण चाळीच्या गच्चीवर वाळवण घालणाऱ्या बाईच्या डोक्यावरून ड्रोन जातो तेव्हा तो हक्क राखण्याची जबाबदारी कोणत्या अधिकाऱ्याची, हे ड्रोन नियमांत वा विदा संरक्षण कायद्यात कुठेही ठरलेले नाही. शिवाय मुंबईचे पोलीस महापालिकेच्या नव्हे तर राज्याच्या गृहखात्याच्या अखत्यारीत येतात, त्यामुळे नगरसेवकाला हा प्रश्न विचारण्याची सोय नाही. तो विधिमंडळातच विचारावा लागेल.

म्हणून माझी गृहखात्याला विनंती आहे की माहिती अधिकार कायदा, २००५ च्या कलम ४ नुसार स्वतःहून प्रसिद्ध करायच्या माहितीत पोलिसांच्या हवाई उड्डाणांचा समावेश करावा. दर महिन्याला उड्डाणाची तारीख, परिसर, कालावधी आणि कारण द्यावे. चालू तपासाला बाधा येत असेल तर तेवढी नोंद तपास संपल्यावर द्यावी. गुन्ह्याशी संबंध नसलेले चित्रण किती दिवसांत पुसले जाईल हे लेखी नियमात घालावे आणि ते खरोखर पुसले गेले की नाही हे पाहण्याचे काम पोलीस दलाबाहेरच्या यंत्रणेकडे सोपवावे. विधिमंडळाच्या येत्या अधिवेशनात हा विषय मांडावा, असे मुंबईतील सर्वपक्षीय आमदारांनाही या पत्राद्वारे मी कळकळीने सांगू इच्छितो.

आपला,
एक वाचक, दादर (पश्चिम), मुंबई