लडलोच्या मावशींना, अडकित्त्याबद्दल

प्रिय मावशी,

तुमचं नाव मला माहीत नाही. इंग्लंडमधल्या लडलो गावच्या चॅरिटी शॉपमध्ये, म्हणजे दान आलेल्या जुन्या वस्तू विकणाऱ्या दुकानात, शनिवारी गल्ल्यावर असता, चष्मा साखळीनं गळ्यात लटकत असतो, एवढीच ओळख. हे पत्र मराठीत आहे, म्हणजे तुम्हाला वाचता येणार नाही. पण इंग्रजीत थँक यू मी त्या दिवशी चारदा म्हणून झालं, आणि तुमच्याकडे बसमधून उतरताना ड्रायव्हरलाही तेच म्हणतात. आमच्याकडे आभार म्हटलं की कार्यक्रमाच्या शेवटी माइक धरून उभा राहिलेला माणूस आठवतो. म्हणून आपलं लिहूनच टाकते.

आई वाईहून चार महिन्यांसाठी माझ्याकडे बर्मिंगहॅमला आली होती. लंडन तिला गर्दीमुळे नकोसं झालं. लडलोत मात्र ती पहिल्या पाच मिनिटांत रमली. काळ्या तुळयांची, म्हातारपणानं थोडी वाकलेली घरं, त्यात ते 1619 चं नक्षीदार फेदर्स हॉटेल. "वाडेच की गं हे. आपण पाडले, यांनी रंग देऊन ठेवले." किल्ल्यात मी तिला राजपुत्र आर्थरची गोष्ट सांगितली. लग्नानंतर काही महिन्यांत, 1502 मध्ये, तो इथेच वारला आणि त्याची विधवा कॅथरीन पुढे धाकट्या दिराची, म्हणजे आठव्या हेन्रीची, राणी झाली. त्यानंतर आईनं बुरुजांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. "घरात कोणी काही बोललं नाही का?" एवढंच विचारत राहिली.

मग पाऊस आला आणि तिचा गुडघा धरला. आडोशाला म्हणून आम्ही एका जुन्या वस्तूंच्या दुकानात शिरलो. तिथल्या गृहस्थांनी आईच्या साडीकडे, स्वेटरकडे, स्पोर्ट्स शूजकडे पाहिलं आणि मला म्हणाले, "त्यांना सांगा, हात लावू नका." तिनं फक्त आधारासाठी टेबलाची कड धरली होती. बाहेर पडल्यावर आई म्हणाली, "दुकान आहे की सोवळं?" हसलो दोघी, पण पुढची गल्ली ती गप्पच होती.

तुमच्या दुकानात यायलाही ती तयार नव्हती. दुसऱ्यांनी वापरून टाकलेलं कशाला बघायचं, असं तिचं म्हणणं. मग तिला जिगसॉचं एक खोकं दिसलं, वर पेन्सिलीनं चिठ्ठी: दोन तुकडे हरवलेत. "स्वतःहून सांगतात?" तिथून ती जी सुटली ती कपबशा, लोकरीचे गुंडे, पायरेक्सची भांडी असं सगळं उचलून बघत.

आणि काचेच्या कपाटात अडकित्ता. पितळी, मोराच्या मुठीचा. चिठ्ठीवर लिहिलेलं: नटक्रॅकर, पुढे प्रश्नचिन्ह, चार पौंड. "यानं अक्रोड फोडून दाखव म्हणावं," आई इतक्या मोठ्यानं हसली की तुम्ही गल्ला सोडून आलात.

तो तिथवर कसा पोचला असेल? रॉबर्ट क्लाइव्ह याच श्रॉपशर परगण्यातला, आणि लडलोचा किल्ला 1811 साली त्याच्या मुलानं, मद्रासचा गव्हर्नर होऊन आलेल्या एडवर्डनं, विकत घेतला. अर्थात हा मोर त्यानंतरच्या कुठल्यातरी मेमसाहेबांच्या ट्रंकेतून आला असेल. नाहीतर माझ्यासारखीच्या आईच्या बॅगेतून.

तुम्ही खुर्ची ओढलीत, आईला बसवलंत, ते तर केलंतच. पण पुढचं मी विसरू शकत नाही. मी नेहमीप्रमाणे समजावून सांगायला तोंड उघडलं, तर तुम्ही हलकेच हात वर करून मला थांबवलंत आणि आईकडे वळून तिलाच विचारलंत, याला तुम्ही काय म्हणता?

चार महिन्यांत कोणी तिला थेट काही विचारलं नव्हतं. विमानतळावर नाही, दवाखान्यात नाही. तिचा गुडघा किती दुखतो हेही मीच सांगायचे, आणि मीही तिला न विचारताच सांगायचे.

"अडकित्ता."

"अर्किटा?"

"अर्किटा नाही हो. अड. कित्. ता." एकतीस वर्षं बालवाडी शिकवलेली बाई ती, सोडते होय! तिनं मूठ मिटून हवेतली सुपारी कातरून दाखवली. तुम्ही नवी चिठ्ठी घेतलीत, चष्मा चढवलात, आणि आई एकेक अक्षर सांगत गेली. ए, डी, के, आय, डबल टी, ए. लिहून झाल्यावर तुम्ही चिठ्ठी तिच्यापुढे धरलीत. तिनं वही तपासावी तशी ती तपासली आणि मान हलवली. जुनी चिठ्ठी, प्रश्नचिन्हवाली, तिनं मागून घेतली.

अडकित्ता तिनं घेतला नाही, हे तुम्हाला जरा विचित्र वाटलं असणार. घरी दोन आहेत, मावशी. दीड पौंडाचं पायरेक्सचं भांडं घेतलं. त्यात ती आता वाईला दही लावते.

दर रविवारी फोनवर विचारते, तो विकला गेला का गं? मला कसं माहीत असणार. पुढच्या महिन्यात मी येतेय बघायला. एक सांगून ठेवते: नाव बरोबर लिहिलंत, पण किंमत चारच पौंड ठेवलीत, ते तिला मुळीच पटलेलं नाही.

तुमची,
शनिवारी भिजून आलेल्या दोघींपैकी धाकटी