टाइल्स फोडायच्या आधी फ्लशची प्लेट काढून बघा

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या पेपरात घर-सजावटीच्या पानावर भिंतीत लपवलेल्या फ्लशच्या टाकीचे फोटो बरेचदा येतात, बाथरूम कसं मोकळं दिसतं, पुसायला कसं सोपं जातं वगैरे. ते सगळं खरंय. पण ती टाकी बिघडली की आत हात घालायचा कुठून हे त्या पानावर मी एकदाही वाचलेलं नाही, आणि नेमकं तेच माहीत नसल्यामुळे लोक चांगल्या टाइल्स फोडून घेतात.

आमच्याकडे कमोडमध्ये पाण्याची बारीक धार सतत चालू असायची, दिवसा लक्षात यायचं नाही पण रात्री सामसूम झाली की सुंऽऽ असा आवाज यायचा. प्लंबर आला, भिंतीवर दोनदा टकटक केलं आणि म्हणाला टाकी पॅक आहे, चार टाइल्स काढाव्या लागतील, आणि सेम टाइल्स परत मिळतील का ते सांगता येत नाही. मी म्हटलं दोन दिवस थांबा. त्या दोन दिवसांत जरा शोधाशोध केल्यावर कळलं की टाकी पॅक नसतेच, आपण रोज जी बटणं दाबतो त्यांची प्लेट हेच तिचं दार असतं!

प्लेट काढायच्या तऱ्हा कंपनीप्रमाणे वेगळ्या. काही प्लेट खालून धरून वर सरकवल्या की सुटतात, काहींना खालच्या कडेला बारीक स्क्रू असतात जे उभं राहून दिसतच नाहीत, खाली वाकून बघावं लागतं. स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटायचं नाही, प्लॅस्टिकच्या खाचा तुटतात. प्लेट निघाली की मागे अजून एक प्लॅस्टिकचं झाकण असतं, आणि बटणाचा दाब आत नेणाऱ्या दोन काड्या. कुठली काडी डावीकडे आणि कुठली उजवीकडे ते मोबाइलवर फोटो काढून ठेवा, कारण त्यांची लांबी भिंतीच्या जाडीप्रमाणे सेट केलेली असते आणि उलटसुलट झाल्या की एक बटण दाबलेलंच राहतं नाहीतर दुसरं काहीच उचलत नाही (अनुभवाचे बोल, अर्धा तास गेला माझा).

झाकण काढलं की वितीएवढी खिडकी, आणि आत टॉर्च मारला की सगळा संसार दिसतो. पाणी बंद करायचा कॉक बहुतेक टाक्यांत तिथेच आत असतो, तो आधी बंद करायचा आणि मग टाकी रिकामी करायची. एका बाजूला पाणी भरणारा व्हॉल्व आणि त्याचा फ्लोट (पाण्यावर तरंगणारा भाग), मध्ये पाणी सोडणारा फ्लश व्हॉल्व, त्याच्या बुडाशी रबराची गोल रिंग. एवढ्या छोट्या खिडकीतून एवढं मोठं सामान बाहेर येईल कसं असं वाटतं, पण ते तसंच बनवलेलं असतं, आधी वरचा दांडा काढायचा, मग व्हॉल्वच्या क्लिपा दाबून किंवा थोडा फिरवून तो सुटतो आणि तिरका करून बाहेर घेता येतो. जोर लावायची वेळ आली तर समजायचं की कुठली तरी क्लिप अजून अडकलेली आहे.

आता बिघाड नक्की कुठला हे पाणी बंद करून टाकी रिकामी करायच्या आधीच बघायला हवं, आणि इथेच सगळे घोळ घालतात. टाकीत ओव्हरफ्लोची नळी असते. फ्लोटचा व्हॉल्व नीट बंद झाला नाही तर पाणी चढत जाऊन त्या नळीतून गुपचूप कमोडमध्ये उतरतं, बाहेर एक थेंब पडत नाही. तेव्हा आधी पाण्याची पातळी बघा. ती नळीच्या तोंडाला टेकली असेल तर दोष भरणाऱ्या व्हॉल्वचा. पातळी खाली असूनही धार चालू असेल तर बुडाची रिंग गेली. खात्री करायची तर टाकीत खाण्याचा रंग थोडा टाकायचा आणि अर्धा तास फ्लश करायचा नाही, पातळी खाली असताना कमोडमध्ये रंग उतरला की रिंगच.

आमची रिंगच होती. हातात घेतली तर तिच्यावर क्षारांची पांढरी खरखरीत कड आलेली आणि एका जागी चर पडलेली. नुसते क्षार असते तर सायट्रिक अ‍ॅसिडच्या पाण्यात भिजवून घासून चाललं असतं, पण रबराला चर पडला की नवीन रिंगच लागते. टाकीच्या आत कडेला कंपनीचं नाव किंवा मॉडेल बरेचदा छापलेलं असतं, त्याचा फोटो आणि जुनी रिंग दोन्ही सोबत न्या, अंदाजाने आणलेली रिंग जवळजवळ बसते आणि जवळजवळ बसलेली रिंग गळतेच. रिंगला व्हॅसलीन लावू नका, त्या तेलाने रबर फुगू शकतं, लावायचंच तर सिलिकॉनचं ग्रीस. आणि टाकीत टाकायच्या त्या ब्लीचच्या गोळ्या बंद करा, त्यांचं पाणी दिवसरात्र रबरावर बसतं आणि रबर लवकर कडक होतं.

थोडक्या पाण्याचं काय एवढं असं म्हणणाऱ्यांसाठी साधा हिशोब. पाच मिनिटांत १ लिटर इतकी बारीक धार असली तरी दिवसाचे २८८ लिटर होतात. मोठं बटण एकदा दाबलं की साधारण ६ लिटर जातात असं धरलं तर कोणी न वापरता रोज ४८ फ्लश.

टाइल्स कधीच फोडाव्या लागत नाहीत असं मात्र मी म्हणत नाही. पाणी कमोडमध्ये न जाता भिंतीला ओल येत असेल, खालच्या मजल्याच्या छताला डाग पडत असेल, तर टाकीला तडा किंवा मागच्या पाइपचा जॉइंट गेलेला असू शकतो आणि तिथे खिडकीतून हात पोचत नाही. पण कमोडमध्ये धार म्हणजे जवळजवळ नेहमी आतल्या सामानाचा दोष, आणि ते सामान खिडकीतून निघतं.

माझी खरी तक्रार बाथरूम डिझाइन करणाऱ्यांवर आहे. काही जण प्लेटच्या समोरच कपाट किंवा शेल्फ ठोकतात, काही जण प्लेटच्या कडा पांढऱ्या सिलिकॉनने अशा भरून टाकतात की ती निघते हेच कोणाला कळू नये. टाइल्स लावायच्या आधी भिंतीच्या आतल्या पाइपांचा एक फोटो घरमालकाला द्यायला काय जातं? आणि कंपन्यांनी आतल्या झाकणावर एक साधं चित्र चिकटवलं तरी प्लंबरला टकटक करून अंदाज बांधावा लागणार नाही. आमच्या प्लंबरला मी फोटो पाठवले तर तो बिचारा उलट विचारतो, ताई, खालचे स्क्रू पूर्ण काढायचे की नुसते सैल करायचे? आमच्याकडे सैल करून भागलं होतं.

तेव्हा पुढच्या वेळी सजावटीच्या पानावर असली टाकी आली की प्लेट काढलेल्या खिडकीचाही एक फोटो शेजारी छापा, ही विनंती.

आपली,
एक नियमित वाचक