इन्व्हर्टरच्या बॅटरीत एसीचे पाणी नको

महोदय,
पावसाळ्याआधीची दुरुस्तीची कामे सुरू झाली की ठाण्यात भरदुपारी वीज जाते आणि घरोघरी इन्व्हर्टरची आठवण होते. तो दहा मिनिटांत मान टाकतो आणि बोल बॅटरीच्या कंपनीला लागतो. पुष्कळदा खोट पाण्यात असते.

एसीच्या नळीखाली बादली लावून तेच पाणी बॅटरीत ओतायची टूम सोसायट्यांतून निघाली आहे. हे फुकटचे डिस्टिल्ड वॉटर, म्हणजे बॅटरीला लागते ते क्षार नसलेले पाणी, नव्हे. कॉइलवरची धूळ आणि धातूचे अंश त्यात उतरतात. आरओच्या पाण्यातही क्षार राहतातच. क्लोराइड बॅटरीतल्या शिशाच्या प्लेटची जाळी कुरतडते, लोखंडाचा अंश असेल तर बॅटरी बसल्याजागी उतरते. उडते ते फक्त पाणी, ॲसिड आतच राहते. म्हणून वरून ॲसिड कधीही घालू नये.

पाणी पूर्ण चार्जिंगनंतर भरावे, कारण चार्ज होताना पातळी चढते आणि आधीच काठोकाठ भरले तर ॲसिड उतू जाऊन टर्मिनलवर पांढरट-हिरवी बुरशी धरते. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर मात्र आधी त्या बुडतील एवढेच घालावे.

ॲसिडची घनता मोजणारा हायड्रोमीटर घरात असावा. ट्यूब्युलर, म्हणजे नळीसारख्या प्लेटांची, बॅटरी पूर्ण चार्ज झाली की साधारण १२२० ते १२४० दाखवते. पाणी घातल्याबरोबर मोजले तर आकडा खोटा येतो, ते वरच तरंगत असते. बॅटरीतल्या सहापैकी पाच सेल (कप्पे) १२३० आणि एकच ११८० असेल, तर तो सेल गेला. पाण्याने सुधारणार नाही. इन्व्हर्टरच्या मागे 'फ्लॅट' आणि 'ट्यूब्युलर' असे बॅटरीचा प्रकार निवडायचे बटण असल्यास तेही पाहावे. चुकीच्या बाजूला असेल तर बॅटरी अर्धपोटी राहते किंवा उकळते.

सगळ्यात मोठा घात गणपतीत होतो. गावी निघताना मेन स्विच पाडतात, इन्व्हर्टर मात्र चालूच राहतो. घरात एक दिवा नसला तरी तो स्वतःपुरती वीज बॅटरीतून ओढतो, दोन-तीन दिवसांत तिला रिकामी करतो. मग आठवडाभर रिकाम्या पडलेल्या प्लेटांवर सल्फेटचे कडक खडे बसतात, ते नंतरच्या चार्जिंगने पुरते निघत नाहीत. इन्व्हर्टरच्या सॉकेटची वीज चालू ठेवावी. तसे जमत नसेल तर बॅटरी पूर्ण चार्ज करून इन्व्हर्टरचे पुढचे बटणही बंद करावे.

– एक बॅटरी मेकॅनिक, ठाणे (पश्चिम)